कॉमेट कपारीबाहेर का येत नाही? : समुद्री मत्स्यालयाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी असून ती सात महिन्यांपासून व्यवस्थित चालू आहे. टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, एक फॉक्सफेस, एक डॉटीबॅक हे मासे आणि दोन मोठे क्लीनर श्रिंप (एक प्रकारची कोळंबी) आहेत. अकरा दिवसांपूर्वी सुमारे पाच इंच लांबीचा कॉमेट, ज्याला दुकानदार मरीन बेटा म्हणतात, आणून सोडला. सोडल्या क्षणी तो मागच्या दगडांत शिरला आणि तेव्हापासून कधीतरी त्याची शेपटी तेवढी बाहेर दिसते. खाणे टाकले की इतर मासे दोन मिनिटांत फस्त करतात, त्यामुळे हा काही खातो असे वाटत नाही. दिवे दहा तास चालू असतात. दगड बाजूला करून त्याला बाहेर काढावे आणि तपासावे, असा सल्ला मला मिळाला आहे. घरचे सगळे काळजीत आहेत. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीची विनंती : दगड हलवू नका. आपण दिलेल्या माहितीत मासा आजारी असल्याची एकही खूण मला दिसत नाही. तो घाबरलेला आहे एवढेच दिसते, आणि घाबरलेल्या माशाच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेणे हा त्यावरचा उपाय असू शकत नाही.

हा मासा मुळात कोण आहे ते आधी पाहू, कारण त्याच्या वागण्याचा उलगडा त्यातूनच होतो. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट प्रशांत महासागरातल्या टोंगापर्यंत प्रवाळखडकांच्या कपारींत तो राहतो. पूर्ण वाढ झाली की त्याची लांबी वीस सेंटीमीटरपर्यंत जाते. दिवसभर तो गुहेत किंवा ओट्यासारख्या पुढे आलेल्या खडकाखाली थांबतो आणि उजेड ओसरला की शिकारीला निघतो. काळ्या-तपकिरी अंगभर पांढरे ठिपके आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी एक ठसठशीत डोळ्यासारखा ठिपका, ही त्याची ओळख. धोका वाटला की तो डोके कपारीत घालतो, पर फुलवतो आणि मागचा भाग बाहेर ठेवतो. त्या क्षणी तो खोटा डोळा आणि परांमधली फट मिळून एक तोंड तयार होते आणि बिळातून मोरे ईल डोकावत असल्याचा भास होतो. मोरे ईल हा आपल्या वामेच्या गोत्रातला, तीक्ष्ण दातांचा शिकारी असल्याने त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. जॉन मॅकॉस्कर या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या पवित्र्याचे वर्णन करून, पांढऱ्या ठिपक्यांच्या एका विशिष्ट मोरे ईलची ही नक्कल असल्याचे मांडले होते.

म्हणजे आपल्याला दिसणारी ती शेपटी हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. अकरा दिवस तो आपल्या टाकीतल्या कोणाला तरी सांगतो आहे की माझ्या वाटेला येऊ नकोस. तो कोणाला सांगतो आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे.

माझा संशय डॉटीबॅकवर आहे. आकाराने तो कॉमेटपेक्षा लहान असतो, म्हणून त्याचा विचार कोणी करत नाही. परंतु समुद्री मत्स्यालयात ठेवल्या जाणाऱ्या लहान माशांमध्ये जागेवरून इतका कडवा भांडणारा मासा क्वचितच आढळतो. त्यातही त्याला हवी असणारी जागा नेमकी तीच असते : अंधारी, अरुंद, दोन बाजूंनी वाट असलेली कपार. सात महिने त्या दगडांत एकट्याने राज्य केल्यावर तो नवख्याला सुखाने राहू देईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. एका संध्याकाळी टाकीपासून पाच-सहा फूट दूर, दिवे मंद करून, अर्धा तास शांत बसा आणि कॉमेट ज्या फटीत आहे तिथे डॉटीबॅक किती वेळा फेरी मारतो ते मोजा. त्याने दर दोन-चार मिनिटांनी तिथे झडप घातली, तर शंकेला जागा उरणार नाही. कॉमेटच्या शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत असतील तरीही तेच समजावे.

तसे असेल तर डॉटीबॅकला टाकीतून काढावे लागेल; त्यासाठीसुद्धा दगड उचकटण्याची गरज नाही. एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, तिचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, आत कोळंबीचा एक तुकडा ठेवा आणि बाटली डॉटीबॅकच्या वाटेवर वाळूत आडवी ठेवा. हा मासा जेवढा भांडखोर तेवढाच चौकस असतो. एक-दोन दिवसांत तो बहुधा आत शिरतो. बाटलीजवळून दूर मात्र जाऊ नका, कारण कोंडलेल्या माशाला बाटलीतला प्राणवायू फार वेळ पुरत नाही. पकडलेला मासा दुकानात परत देता येतो किंवा छंदातल्या एखाद्या स्नेह्याच्या टाकीत जाऊ शकतो. फॉक्सफेस आणि क्लाउनफिश यांच्याबरोबर कॉमेट राहू शकतो. मोठ्या क्लीनर श्रिंपांनाही तो सहसा हात लावत नाही, पण याहून लहान शोभेच्या कोळंब्या किंवा बोटभर गोबी मासे पुढे आणायचे असतील तर तो बेत सोडून द्यावा, कारण त्याच्या दृष्टीने ते खाद्य आहे.

दुसरे काम लपायच्या जागा वाढवण्याचे. मासा दिसावा म्हणून टाकी मोकळी ठेवावी असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते, परंतु भित्र्या माशाच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडते. जवळ आडोसा आहे, चार हात पोहत गेले तरी पुढे दुसरा आडोसा आहे, हे ज्याला ठाऊक असते तोच मासा मोकळ्या पाण्यात येतो. एकाच फटीवर ज्याचा जीव अवलंबून आहे तो ती फट सोडत नाही. यासाठी प्लंबरकडे मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचे, अडीच-तीन इंच व्यासाचे आणि फूटभर लांबीचे दोन तुकडे आणा, कडा घासून गुळगुळीत करा, गोड्या पाण्यात नीट धुवा आणि सध्याच्या दगडांना धक्का न लावता एक डावीकडे व एक उजवीकडे, पुढच्या काचेच्या बाजूला तोंड करून ठेवा. दिसायला तो पाइप रुक्ष वाटतो हे मान्य आहे; महिना-दोन महिन्यांत त्यावर शेवाळाचा थर चढतो आणि तो डोळ्यांना खुपेनासा होतो.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कॉमेटच्या वेळी, नवव्या दिवशी, मी धीर सोडून दगड उचलले. बिथरलेला मासा काचेवर आणि दगडांवर आदळला, त्याच्या अंगावर खरचटले, जखमा चिघळल्या आणि तो पुढच्या आठवड्यात गेला. त्याची मला आजही हळहळ वाटते. पुढच्या माशाच्या वेळी आधी पाइप ठेवले, त्यानंतरच मासा आणला आणि वाट पाहिली. सोळाव्या दिवशी, दिवे मालवल्यानंतर साधारण वीस मिनिटांनी, पाइपच्या तोंडाशी अंधार थोडा पुढे सरकल्यासारखा दिसला. तो मासा होता. सगळे पर पंख्यासारखे फुललेले, शेपटी स्थिर, केवळ छातीजवळचे पर किंचित हलत होते. वाळूवर पडलेल्या कोळंबीच्या तुकड्याकडे तो सरळ गेला नाही. अंग थोडे कलते करून, एका डोळ्याने न्याहाळत, बोट-बोट पुढे सरकत त्याने वीतभर अंतर कापायला पुरता एक मिनिट घेतला. मग तोंड उघडलेले मला दिसलेच नाही, तुकडा तेवढा नाहीसा झाला होता.

या सावकाशीमुळेच आपल्या टाकीत तो उपाशी राहतो. दोन मिनिटांत ताट रिकामे करणाऱ्यांच्या पंगतीत एक मिनिट विचार करून घास घेणारा बसला, तर त्याच्या वाट्याला काही येणार नाही. म्हणून त्याचे जेवण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जागी वाढले पाहिजे. इतर माशांना नेहमीप्रमाणे दिवे असताना पोटभर खाऊ घाला. दिवे मालवून अर्धा तास होऊ द्या. प्रवाह निर्माण करणारे पंप दहा मिनिटे बंद करा. त्यानंतर कडक प्लास्टिकची दोन फुटी नळी घेऊन तिच्या वरच्या टोकाला रबरी पिचकारी लावा आणि वितळवून धुतलेली मायसिस कोळंबी किंवा कोळंबीचे तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे तुकडे कॉमेटच्या फटीपासून वीतभर अंतरावर अलगद सोडा. नळी थेट फटीत खुपसू नका. पाहायचेच असेल तर मंद लाल दिवा वापरा. लाल प्रकाश समुद्राच्या पाण्यात काही मीटरांतच विरून जात असल्याने बऱ्याच प्रवाळमाशांना तो फारसा जाणवत नाही. टॉर्च मारू नका, आणि घरातल्या मुलांना काचेवर टिचकी न मारण्याविषयी प्रेमाने समजावा.

मेलेले अन्न तो पहिल्या आठवड्यात ओळखत नसेल तर सुरुवात हलत्या अन्नाने करावी. जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) भूक चाळवायला चांगला असतो, परंतु त्यात सत्त्व कमी असल्याने केवळ त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मॉली हा गोड्या पाण्यातल्या माशांच्या दुकानात सहज मिळणारा मासा हळूहळू पूर्ण खाऱ्या पाण्याला सरावतो, त्यामुळे त्याची बारीक पिल्ले गरजेपुरती वापरता येतात. गोल्डफिश मात्र कधीही देऊ नयेत, कारण त्यांच्यातली चरबी समुद्री माशांना मानवत नाही आणि त्यांच्यातल्या एका विकरामुळे खाणाऱ्याच्या शरीरातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. कॉमेट एकदा खायला लागला की जिवंत अन्नात वितळवलेले अन्न मिसळत जावे आणि तीन-चार आठवड्यांत जिवंत अन्न बंद करावे.

अकरा दिवसांचा उपास चांगल्या अंगाचा कॉमेट निभावून नेतो, शिवाय सात महिने मुरलेल्या दगडांमध्ये बारीक कवचधारी जीव असतात आणि रात्री तो त्यांतले काही टिपत असण्याचीही शक्यता आहे. काळजी कधी करावी हेही सांगतो. डोक्यामागचा भाग खोलगट दिसू लागला, पोट खपाटीला गेले, श्वास भराभर चालू झाला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे दाणे दिसले, तर मात्र वाट पाहू नये. त्या वेळी त्याला वेगळ्या टाकीत घ्यावे लागेल. अशा दाण्यांवरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत टाकल्यास आपले क्लीनर श्रिंप मरतील. खरे म्हणजे असा मासा पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीतच ठेवायला हवा, तिथे पाइपचा एक तुकडा, मंद उजेड आणि एकट्याचे जेवण मिळाले की तो खायला शिकूनच मुख्य टाकीत येतो. पुढच्या वेळी हे जरूर करा. दिवे दहा तासांऐवजी आठ तास ठेवा आणि ते एकदम विझण्याऐवजी टप्प्याटप्प्याने मंद होतील अशी सोय असल्यास ती वापरा.

प्रश्न : केवळ कॉमेट ठेवण्यासाठी एक हजार लिटरची टाकी उभारण्याचा विचार आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावाच लागेल का? ओळखीचे एक विक्रेते जिवंत प्रवाळ आणि समुद्रातला लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले प्रवाळखडकाचे तुकडे) मिळवून देतो म्हणतात. तो घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबाबतीत तडजोड नाही. सर्व प्रकारचे खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत घातले गेले. आपल्या समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे प्रवाळाचा सांगाडाच असल्याने तोही घेऊ नये. आपल्या माशालाही प्रवाळाची गरज नाही, त्याला गुहा हव्यात. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून तयार केलेले सच्छिद्र दगड या कामाला उत्तम असतात. ते आधी टाकीच्या तळावर पक्के बसवा आणि वाळू नंतर घाला, म्हणजे वाळू सरकली तरी रचना ढासळत नाही. प्रत्येक गुहेला दोन वाटा असू द्या आणि निदान एका गुहेचे तोंड आपण जिथे खुर्ची टाकून बसणार त्या दिशेला ठेवा. मासा लपलेला राहतो आणि तरीही आपल्याला दिसतो, ही सोय टाकी रिकामी असतानाच करता येते. दगड नवे असल्यामुळे त्यांत घाण पचवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात, म्हणून अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, मासा आणू नये.

आता उष्णतेविषयी. पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअसवर राहावे; २८ अंश काही काळ चालून जातात, त्यापुढे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशाचा श्वास वाढतो. नागपूरची हवा एप्रिल-मे महिन्यांत कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर पंखे लावले तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हाच पंखा फारसे काही करत नाही. परंतु बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३६ अंश असताना दोन-तीन अंश पुरणार नाहीत, म्हणून चिलर घ्याच आणि पंखे त्याच्या मदतीला ठेवा. चिलर स्वतः गरम हवा बाहेर टाकतो, त्यामुळे तो बंद कपाटात ठेवू नका.

पंख्यांमुळे एवढ्या टाकीतून दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडून जाते. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावे. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जवळ हवा.

मासा घेताना एवढे करा : दुकानात तो आपल्यासमोर खातो का ते पाहा आणि मत्स्यालयात पैदास झालेला मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्या. या जातीची पैदास बंदिस्त टाकीत झालेली आहे. कपारीत दडणारे मासे पकडण्यासाठी फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारण्याचा घातक प्रकार अनेक वर्षे चालत आला आहे आणि त्याने मासा तर कमजोर होतोच, आजूबाजूचे प्रवाळही मरते. आपल्या पैशाने त्याला हातभार लागू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : वर्षभरापासून माझ्याकडे कॉमेट आहे आणि तो संध्याकाळी नळीतून खातो. समुद्र जवळ असल्याने पाणी बदलण्यासाठी तिथलेच पाणी वापरावे का? आणि बाजारातला जवळा त्याला चालेल का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : वर्षभर सांभाळलात याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, होड्यांचे तेल आणि नाल्यांचे सांडपाणी असते, पावसाळ्यात तर नद्यांच्या पुराने त्याची क्षारता फार खाली येते. म्हणून नियमित वापरासाठी आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास, मिसळून एक दिवस हलते ठेवलेले पाणीच घ्यावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागराचे मीठ चालत नाही.

जवळा चालेल, आणि आवडेलही, कारण तो कॉमेटच्या तोंडात मावेल एवढाच असतो. मात्र ताजा घ्या, सुकवलेला नको. बर्फातून आलेला जवळा डोळे काळे आणि अंग पारदर्शक असेल तरच घ्यावा, लालसर पडून मऊ झालेला नको. घरी आणल्यावर बारीक गाळणीत आरओच्या पाण्याखाली धुऊन निथळवा आणि छोट्या पिशव्यांत पातळ थर करून गोठवा, म्हणजे रोज बोटभर तुकडा मोडून घेता येतो. मासेमारी बंद असलेल्या पावसाळ्यातल्या दोन महिन्यांसाठी थोडा साठा मे महिन्यातच करून ठेवा. देण्यापूर्वी टाकीतल्याच पाण्याच्या वाटीत वितळवा, ते गढूळ पाणी ओतून द्या आणि जवळा तेवढा नळीत घ्या. आठवड्यातले तीन-चार दिवस जवळा, बाकी दिवस मायसिस आणि माशाच्या मांसाचे बारीक तुकडे, अशी पाळी ठेवा. त्यांवर समुद्री माशांसाठी मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटे मुरू द्यावे.